टांगलेल्या बागेखालचं पाणी

माळखडकी, ता. पारनेर
७ नोव्हेंबर १९४८, रविवार

प्रभुदासच्या बापास हन्नाचा सलाम.

जिवंत आहात असं कळलं. शेजारच्या छबूबाईच्या जावयानं तुम्हाला मुंबईत पाहिलं. तो तिकडे मलबार हिलवर कुणा शेटजीची मोटार धुतो. म्हणाला, टेकडीवर एक टांगलेली बाग आहे, तिथे तुमचा म्हातारा हातभर कात्री घेऊन झुडपांचे हत्ती-घोडे कापतो, आणि अनवाणी फिरतो. अनवाणी म्हटल्यावर माझी खात्री पटली. पत्ता त्यानंच आणून दिला. नातीकडून लिहून घेतलं असतं तर अक्षर बरं आलं असतं, पण हे तिच्या हातून जावं असं मला वाटलं नाही. बायबलवाल्या बाईनं ओट्यावर बसवून शिकवलं तेवढ्यावर लिहिते. चुका काढत बसू नका.

तुम्ही एकवीस वर्षांपूर्वी न सांगता उठून गेलात. त्याचं मी काही विचारत नाही. मला विहिरीचं विचारायचं आहे.

आठवत नसेल तर आठवण देते. तुम्ही पाणाडे. उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून रानं तुडवायची आणि पाणी कुठे आहे ते सांगायचं, हा तुमचा धंदा. पाळकसाहेब म्हणायचे हे ख्रिस्ती माणसाचं काम नाही, तरी त्यांच्या बंगल्यातली विहीर तुम्हीच दाखवलीत. मग आपल्या पडीक रानात, बाभळीपाशी बेचकी खाली वळली आणि तुम्ही म्हणालात, इथे वस्तीसाठी खणा. अठरा घरांनी सव्वा वर्ष खणलं. दोन परस मुरूम निघाला, पुढे चार परस काळा खडक. सहा माणसं हात वर करून एकावर एक उभी राहतील एवढं खोल, आणि थेंब नाही.

ते भोक अजून तसंच आहे. पावसाळ्यात तोंडातून पडेल तेवढं पाणी तळाला साचतं आणि संक्रांतीपर्यंत हिरवं होऊन पडून राहतं. बेडकं ओरडतात. पोरं पडू नयेत म्हणून वर काटे टाकलेत. आम्ही बाया ओढ्याच्या वाळूत झिरा उकरतो आणि वाटी-वाटीनं घागर भरतो. गावच्या विहिरीवर आम्हाला अजून पोहरा सोडू देत नाहीत. पाटलाच्या आप्पासाहेबांच्या घरची मनकर्णाबाई वरून ओतते, आपण खाली घागर धरायची. स्वराज्य आलं ते वेशीपर्यंत आलं.

आता प्रभुदास वस्तीचा पुढारी झालाय. तो म्हणतो, तळाला सुरुंग लावून एकदा फोडून बघू. झरा लागला तर लागला, नाहीतर काठचा मुरूम आत ढकलून बुजवून टाकू. नाताळानंतर भीमा वडार येणार आहे.

म्हणून विचारते. त्या दिवशी तुमच्या हातात बेचकी आपसूक वळली होती, का तुम्ही वळवली होती? हो किंवा नाही एवढंच लिहा. माणसांनी पुन्हा हाडं झिजवायची का नाही, ते त्यावर ठरेल.

हन्ना

---

२८ नोव्हेंबर १९४८

प्रभुदासच्या बापास सलाम.

पत्र पोचलं. चार पानं लिहिलीत. मी एक अक्षर मागितलं होतं, हो नाहीतर ना. चार पानांत ते कुठे सापडलं नाही.

चौपाटीची वाळू संध्याकाळी पायाला गार लागते हे वाचलं. राणीच्या बागेत हत्तीवर बसवून फिरवतात, आणि तिथे एक गोरखचिंचेचं झाड आहे ज्याला सहा माणसांची मिठी पुरत नाही, हेही वाचलं. मी मिठी मारायला येणार नाही. समुद्रातल्या दर्ग्याला जाणारी वाट भरतीला बुडते आणि ओहोटीला वर येते, ते मात्र मी दोनदा वाचलं. म्हणजे समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो आणि दोनदा परत येतो. त्या खाऱ्या पाण्यालासुद्धा कळतं.

पुढे लिहिता की तुमच्या बागेखाली मोठं टाकं आहे, लांबच्या तलावाचं पाणी नळानं येऊन त्यात साठतं, वरून माती आणि गवत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता नसतो की आपण पाण्यावर चालतोय. अठरा घरांना थेंब दाखवता आला नाही आणि स्वतः मात्र पाण्याच्या डोक्यावर उभे राहून गवत कापताय. हे मला कळवायची काय गरज होती? छबूबाईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हन्ने, तुझ्या म्हाताऱ्याला मुद्द्यावर यायला तीन येशी वलांडाव्या लागत्यात." मी म्हटलं, लग्नाचं विचारायला तर त्यानं चौथीही ओलांडली होती.

चूक एकच झाली. पत्र कृपाच्या हाती लागलं. कृपा म्हणजे प्रभुदासची थोरली. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या साली झाली. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवते, शनिवार-रविवार घरी येते. तिनं पत्र वाचलं आणि तेव्हापासून घरात समुद्राशिवाय बोलणं नाही. "आजी, भरती कशी दिसत असंल गं?" मी म्हटलं, पाणी येतं आणि जातं, त्यात दिसायचं काय. पण ती पोरगी ओढ्याच्या झिऱ्याला पाण्यासाठी अर्धा-अर्धा तास बसून मोठी झालीय. तिला येणारं पाणी म्हणजे काय ते बघायचंय. मी तिला कशी नाही म्हणू?

विहिरीचं लिहा. प्रभुदास घाई करतोय.

हन्ना

---

१६ डिसेंबर १९४८

सलाम.

तुमचं दुसरं पत्र आलं. पहिल्या पानावर मरीन ड्राइव्हच्या भिंतीवर लाटा कशा आपटतात ते आणि शेवटच्या पानावर "तब्येत जपा." मधलं पान कुठल्याशा डोंगरातल्या गुंफांचं. बोरिवलीपर्यंत गाडीनं जायचं, पुढे झाडीतून चालायचं, साधूंनी दगडात कोरलेल्या खोल्या, आणि बरंच काय काय. चार ओळी वाचल्या आणि सोडलं. मला एक-एक अक्षर जुळवावं लागतं, तुम्हाला माहीत आहे. दगडातल्या खोल्यांवर मी डोळे खर्च करायचे नाहीत. जात्याचा खुंटा कधीचा ढिला झाला होता, त्या पानाची घडी घालून खुंटा घट्ट बसवला. तुमच्या पत्राचा एवढा तरी उपयोग झाला.

आता कामाचं. शाळेच्या तीन मास्तरणी नाताळच्या सुट्टीत मुंबई बघायला निघाल्यात, त्यांत कृपा आहे. सत्तावीसला दौंडावरून गाडी धरतील, भायखळ्याला ओळखीच्या मिशनघरात उतरतील. प्रभुदास आधी नाही म्हणाला. "ज्या मानसानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं त्याच्याकडं माजी पोरगी जानार न्हाई." मी म्हटलं, ती समुद्राकडे जाते आहे, समुद्रानं तुझं काय केलं? तेव्हा कबूल झाला.

तिला चौपाटी दाखवा. बुडणारी वाट दाखवा, पण ओहोटीतच न्या, आणि परतायची वेळ आधी विचारून ठेवा. हत्तीवर बसवा, मोठी झाली म्हणून लाजेल, तरी बसवा. पाण्यात घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. तिला पोहता येत नाही, कुठे शिकणार? दुपारची उन्हात फिरवू नका. तुमची झुडपाची जनावरं दाखवायला हरकत नाही.

आणि मला जे लिहीत नाही ते तिला तोंडानं सांगा. भीमा वडार तीन तारखेपासून तळाला भोकं पाडणार, दहाला, सोमवारी, सुरुंग.

तुम्ही लिहिता की मी गेलो ते का गेलो ते तुला माहीत आहे. असेल माहीत. मी त्या दिवशी काही बोलले असेन. सगळेच बोलत होते.

हन्ना

---

३ जानेवारी १९४९

कृपा गेल्याला आठ दिवस झाले. पत्र नाही, कार्ड नाही. तुम्ही भेटलात का नाही तेही नाही.

आज सकाळपासून भीमाची माणसं विहिरीतलं साचलेलं पाणी उपसून तळाला छिन्नी मारताहेत. इथे ओट्यावर ऐकू येतं. जातं फिरवायला बसले, उठले. चूल पेटवली, विझवली. छबूबाई म्हणाली, "बूड टेकव की जरा." बूड टेकवलं की तो आवाज पायांतून वर येतो. तुम्ही म्हणायचात तुमच्या पायांना जमिनीखालचं कळतं. मला कधी काही कळलं नाही, पण हे कळतं.

प्रभुदास दिवसातून चार वेळा काठावर जाऊन वाकून येतो. त्याच्या तोंडावर तसंच दिसतं जसं तुमच्या तोंडावर दिसायचं. मला ते बघवत नाही. पुन्हा कोरडं निघालं तर ह्या वेळी लोक त्याला बोलतील.

पोरीला धाडा. सुट्टी संपत आली. आणि उत्तर धाडा.

ह.

---

११ जानेवारी १९४९, मंगळवार

प्रभुदासच्या बापास हन्नाचा सलाम.

हे पत्र लांबेल. एका दमात लिहून होणार नाही, माझा उजवा हात दोरानं सोलला आहे.

कृपा परवा, रविवारी संध्याकाळी आली. नाकाचं साल निघालेलं, पदराच्या गाठीत शिंपले, आणि तोंडाला खळ नाही. टांग्यातून उतरल्यापासून सांगतेय. भरती आली तेव्हा ती वाळूत उभी होती आणि पायाखालची वाळू सरकली, तेव्हा तुमचा हात धरला. तुम्ही घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही, लहान पोरीसारखं "आजीचा हुकूम हाय" म्हणत राहिलात. हत्तीवर तुम्हीसुद्धा चढलात. बुडणाऱ्या वाटेवर मास्तरणी घाबरल्या, ही गेली. आणि तुम्हाला तिनं कसं ओळखलं, तर बागेत चार माळी होते, त्यांतला एक गवतावर पाय टाकताना आधी अंगठा टेकवून बघत होता. प्रभुदास तसाच चालतो. प्रभुदास तिथेच जेवत होता, तो ताटावरून उठला.

मी विचारलं, "आजानं विहिरीचं काय सांगितलं?"

"ते तर तुला पत्रात लिवलंय म्हनाले. मी इचारलं तर म्हनाले, हन्नाला कवाच कळवलंय."

मी म्हटलं, त्याची सवयच आहे, लिहिलं म्हणायचं आणि लिहायचं नाही. झोपले.

काल सकाळी ती अंगणात दात घासत होती. तेवढ्यात भीमाचा माणूस सुरुंगाच्या दारूचा डबा घेऊन पडीक रानाकडे निघाला. पोरगी चूळ न भरताच ओरडली, "आजी, हे काय चाललंय? आजानं लिवलं व्हतं ना, सुरुंग लावू नका म्हनून?"

"कुठं लिवलं व्हतं?"

"गुंफांच्या पानावर! आजानंच सांगितलं मला."

मग मी जात्याकडे गेले. खुंटा हलेना. कृपानं दगड मारून काढला. पान पिठानं माखलेलं, घडीवर फाटलेलं. ओट्यावर दोघी बसलो. ती वाचायला लागली, मी म्हटलं थांब, माझं मला वाचू दे, माझं आलंय ते.

तुम्ही लिहिलं होतं, मी इथे दर महिन्याच्या एका रविवारी कान्हेरीच्या गुंफांना जातो. आठ वर्षं जातोय. प्रत्येक गुंफेच्या दाराशी खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. त्या साधूंनी खाली पाणी शोधलं नाही. वर कातळावर बोट-बोट रुंदीचे चर कोरले आणि पावसाचं पाणी वळवून टाक्यांत सोडलं. मे महिन्यात जाऊन बघितलं, तेव्हाही पाणी होतं. माझ्या बागेखालीही झरा नाही, आणून साठवलेलं पाणी आहे. बेचकी वळली होती का, ते मला आता सांगता येत नाही. पण आपल्या विहिरीत झरा नाही. मी ज्या खडकाला शिव्या घातल्या तो फुटका नसेल तर तोच रांजण आहे. त्याला सुरुंग लावू नका. भेग पडली की गेलं.

एवढं सगळं त्या पानावर होतं आणि मी त्यावर पंचवीस दिवस ज्वारी दळली.

मी पळाले. पासष्टीची बाई पळाली म्हणजे काय ते छबूबाईला विचारा, ती पाठीमागे हसत आणि ओरडत येत होती. काठावर सगळी वस्ती. खाली भीमा शेवटच्या भोकात दारू ठासत होता. माणसं खाली सोडायच्या पाळण्याचा दोर धरलेल्या पोराला मी म्हटलं, सोड मला पाळण्यातून खाली. तो प्रभुदासकडे बघायला लागला. मी त्याची वाट बघितली नाही. पाळण्यात बसले आणि दोर स्वतः धरला. हात सोलला तो तेव्हा.

भीमा म्हणाला, "अगं म्हातारे, हितं दारू भरलीया!"

"मंग भर. मी तिच्यावर बसती." आणि बसले.

वरून प्रभुदास. "आय, वर ये! लोकं बघत्यात!"

"बघू दे. तुज्या बापाला ह्याच भोकापायी एकवीस वर्सांमागं लोकांनी बघितलं. आज मला बघू दे."

"खाली झरा असंल तर?"

"न्हाई. त्यो म्हनतो न्हाई."

"म्हंजी त्यो खोटंच बोलला व्हता त्या वक्ती!"

ते मी कानाआड केलं. मी भीमाला विचारलं, "तू वडाराचा हायेस, तुला दगूड कळतो. ह्याला कुठं भेग हाय का?"

भीमानं हातोडी उचलली. चारी बाजूंनी वाजवत गेला, कान लावून. तळ वाजवला. मग म्हणाला, "अखंड हाय. म्हनून तर चार भोकं पाडायला आठ दिस गेले. लई छिन्न्या बोथट केल्या ह्यानं."

"मंग ह्यात पानी भरलं तर जाईल कुठं?"

त्यानं डोकं खाजवलं. मी बसले होते त्याच्या मागे भिंतीवर हिरवी रेघ होती, गुडघाभर उंचीची, दर सालच्या साचलेल्या पाण्याची. तिच्याकडे बघून म्हणाला, "कुठं जानार? गेलं असतं तर बेडकं कशापायी ऱ्हायली असती?"

एकवीस वर्षं ती बेडकं ओरडून सांगत होती आणि आम्ही वर काटे टाकत होतो. झऱ्याचं तेच पाणी, साचलेली ती घाण, असं धरून बसलो. आणि काठावर आम्हीच मुरुमाचा ढीग घातलेला. उताराचं सगळं पाणी त्या ढिगाला वळसा घालून ओढ्यात जातं.

प्रभुदास खाली उतरला. रेघेवर हात ठेवला. मग म्हणाला, "एक पावसाळा देतो. पानी टिकलं न्हाई तर फुडच्या नाताळात मी सोता वात पेटवीन. अन् तू वर ऱ्हायचं."

मी कबूल केलं. भीमानं दारू उपसली, चारी भोकं चुन्यानं बुजवली.

आता जे मी लिहीत नव्हते ते. तिथे बसले असताना मला आठवलं, नाही, आठवत तर रोज होतं. त्या दिवशी वस्ती काठावर होती आणि तुम्ही खाली पहार घेऊन. वरून मी ओरडले की सव्वा वर्ष माणसं ह्याच्या पायांवर विसंबून राबली आणि ह्याच्या पायांना पाणी कळत नाही, नुसती पंगत कळते. लोक हसले. मी त्यांना हसवायलाच बोलले होते, कारण त्याआधी ते दगड उचलायच्या बेतात होते. तुम्हाला ते खालून दिसलं नसेल. पण जे बोलले ते बोलले, आणि तेवढ्यावर थांबले नाही. घरी येऊन तुमची बेचकी चुलीत घातली. तुम्ही दारात उभे होतात. तिच्यावर दोन भाकरी झाल्या आणि त्यातली एक मी तुमच्या ताटात वाढली.

तुम्ही ती खाल्लीत. मग पहाटे गेलात.

हात दुखतो. बास.

हन्ना

---

२२ मे १९४९

सलाम.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. आता मुद्द्याचं लिहायला शिकलात, आकडे घालून. चर किती रुंद, उतार किती, आधी एका खड्ड्यात गाळ खाली बसू द्यायचा आणि मगच पाणी आत सोडायचं. प्रभुदास पत्र खिशात घेऊन फिरतो. मला वाचायलाही देत नाही. तुमचं नाव अजून घेत नाही, "पत्रात असं लिवलंय" म्हणतो.

मुरुमाचा ढीग हलवला. दोन महिने अठरा घरं डोक्यावर पाट्या वाहत होती. वर मांगिराच्या माळावर चर खणले, जिथे कातळ लागला तिथे भीमानं कोरले. त्यानं कामाला हो म्हटलं ते माझ्यासाठी नाही. म्हणाला, "म्हातारी पुन्यांदा येऊन बसंल."

आता काही करायचं उरलं नाही आणि तेच मला सोसत नाही. सकाळी उठून माळावर जाते, चरात पडलेला पाला काढते. दुपारी पुन्हा जाते. तुम्ही लिहिता की मुंबईत समुद्र आत्ताच काळा पडायला लागलाय, कोळ्यांनी होड्या ओढून वाळूवर उपड्या घातल्यात. इथे आभाळ पितळेच्या परातीसारखं. लोक मला काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं होतं, मलाही बोलता आलं असतं. पण गेल्या वेळी एक माणूस चुकला तर त्याची बायको त्याला वस्तीसमोर बोलली. ह्या वेळी चुकलं तर कोण बोलणार आहे मला? मी स्वतःच.

कृपा शिंपले शाळेत घेऊन गेली. पोरींना कानाला लावायला देते. एकीनं म्हणे विचारलं, ह्यात पानी अजून हाय का बाई?

तुम्ही विचारता, येऊ का? आत्ता येऊ नका. पाणी न भरता आलात तर दुसऱ्यांदा जाल.

हन्ना

---

११ डिसेंबर १९४९, रविवार

प्रभुदासच्या बापास हन्नाचा सलाम.

मुद्दाम उशिरा लिहिते आहे. भरलं तेव्हा लिहिलं नाही, कारण पावसाळ्यात ओढाही भरतो आणि त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. दसऱ्याला लिहिलं नाही. छबूबाई रोज विचारायची, "कळवलं का म्हाताऱ्याला?" मी म्हणायचे, टिकू दे.

काल ओढ्यातला झिरा आटला. आज उपासनेनंतर प्रभुदासनं गाठी मारलेला दोर विहिरीत सोडला. अडीच परस. वस्ती भाऊबीजेपासून रोज घरटी दोन घागरी काढते आहे, तरी अडीच परस. तुरटी फिरवून, फडक्यानं गाळून पितो. चव थोडी दगडासारखी लागते. बेडकं गेली नाहीत. त्यांचा हक्क आमच्या आधीचा.

प्रभुदासनं दोर वर घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाच्या हिशेबानं होळीपतूर पुरंल." बाच्या म्हणाला. मी दुसरीकडे बघितलं.

आणखी एक. गावच्या विहिरीला गढूळ पाणी यायला लागलंय. बुधवारी मनकर्णाबाई घागर घेऊन वस्तीवर आल्या. मागे पाटलाच्या वाड्यातल्या दोन सुना. काठापासून चार पावलांवर थांबल्या आणि घागर खाली ठेवली, मी वरून ओतावं म्हणून. तीस वर्षं त्यांनी ओतलं आणि मी धरलं. माझ्या जिभेवर काय काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. छबूबाई तर पदर खोचून तयारच होती. मी पोहरा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाई, तुमीच सोडा. माझा हात सोललेला हाय." हात जानेवारीतच बरा झाला होता. त्यांनी सोडला. घागर आपल्या हातानं भरून घेतली.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिता की मी म्हातारा झालो, गुडघा दुखतो, बागेतून आता काढतील, पण इथे संध्याकाळी समुद्रावर बसायला जागा आहे. कृपालाही पुन्हा बोलावता, मलाही बोलावता. बुडणारी वाट दाखवीन म्हणता. मी येणार नाही. जाणारं-येणारं पाणी मला बघवायचं नाही, मला थांबणारं बघायचंय.

या, असं मी म्हणत नाही. पण मी त्या दिवशी जे बोलले ते काठावर उभं राहून, सगळ्या वस्तीसमोर बोलले. तिथेच उभं राहून, त्याच वस्तीसमोर ते मागे घेणार आहे. पत्रातून घेणार नाही, घरातही घेणार नाही. आणि तुम्ही नसताना ते घेता येत नाही. नाताळची उपासना सकाळी दहाला सुटते, त्यानंतर सगळे काठावर जमतात.

येताना बेचकी आणू नका. इथे शोधायचं काही उरलं नाही. कात्री तेवढी आणा. चरांच्या कडेनं बोरी वाढल्यात, त्यांचा पाला पाण्यात पडतो. त्या छाटायच्या आहेत.

नुसत्या छाटायच्या. हत्ती करत बसू नका.

हन्ना